चाकाच्या दहा फेऱ्या

वाशीम, ६ ऑक्टोबर २०२४

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद.

सायकलला वेग-अंतर मोजणारे कोणते यंत्र घ्यावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक कोडे घालतो. ते तू नक्की पाहिले असशील. तुमच्या गावाहून कामरगावला जाणारा रस्ता एकच. पण रस्त्याकडेचा दगड एक अंतर सांगतो, तुझ्या बाबांच्या मोटारसायकलचा काटा दुसरे आणि तुझा मोबाइल तिसरे. रस्ता लांबत नाही आणि आखडतही नाही. मग तिघांपैकी खोटे कोण बोलते?

खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी आहे. मोबाइल दर काही क्षणांनी आकाशातल्या उपग्रहांना आपला ठिकाणा विचारतो आणि मिळालेले ठिपके सरळ रेघांनी जोडतो. सरळ रस्त्यावर हे चालून जाते. तू मात्र टेकडीच्या पायवाटेने जाणार. तिथे वाट वीस पावलांत तीनदा वळते आणि मोबाइल ती वळणे कापून सरळ जातो. वर झाडी आली की ठिपके भरकटतात. चाकाचे तसे नसते. चाक वाटेचे प्रत्येक वळण स्वतः चालते.

म्हणून माझा सल्ला असा. उपग्रहवाले महागडे यंत्र घेऊ नकोस. हृदयाचे ठोके मोजणारे, नकाशा दाखवणारे तर नकोच. नवशिक्याला आधी स्वतःचा दम ओळखता आला पाहिजे. हजार रुपयांच्या आत तारेचे साधे यंत्र मिळते, ते घे. घेताना चार गोष्टी पाहा: आकडे मोठे असावेत, बटण हातमोजा घालूनही दाबता यावे, पाण्याने बिघडणार नाही असे लिहिलेले असावे आणि आतला सेल घड्याळाच्या दुकानात मिळणारा असावा. बिनतारी यंत्र दिसायला सुटसुटीत असते, पण त्याला सेल दोन लागतात आणि स्वस्तातले कधी कधी मध्येच मुके होते. तार तुरीच्या फणकटात, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या खुंटांत, अडकू नये म्हणून ती ब्रेकच्या केबलला पीळ देत गुंडाळ.

बसवणे सोपे आहे. पुढच्या चाकाच्या स्पोकवर लहान लोहचुंबक, चिमट्याच्या दांडीवर संवेदक, दोघांत दोन-तीन मिलिमीटर फट. चुंबक एकदा समोरून गेला की यंत्र समजते, चाकाची एक फेरी झाली. पण एका फेरीत जमीन किती सरली, हे त्याला आपण सांगावे लागते. तुझी सायकल एकोणतीस इंची, मी उन्हाळ्यात सुचवली तशीच घेतलीस, हे वाचून फार बरे वाटले होते. तेव्हा पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे २२८८ हा आकडा भर. म्हणजे एका फेरीला तितके मिलिमीटर.

फोनवर मला ऐकू येत नाही, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तीन महिने एस.टी. बंद केली आहे. त्यामुळे पत्रच लिही. तुझ्या आईला, अंजनाला आशीर्वाद; तुझ्या बाबांना, दौलतरावांना नमस्कार.

तुझा,
गुलाबमामा

•

२१ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

यंत्र आणले, बसवले आणि २२८८ भरले. तार तुम्ही सांगितली तशीच गुंडाळली. पहिल्या दिवशी अंगणातच चाक हाताने फिरवून आकडा पळवत बसले. आई म्हणाली, “जागच्या जागी कुठी चालली व माय?”

आता रोज पहाटे टेकडीवरच्या देवळापर्यंत जाते. चढावर माझा सरासरी वेग तेरा येतो. हरीओमदादा, म्हणजे कारंज्याला राहणारा माझा आतेभाऊ, दोन वर्षांपासून सायकल चालवतो आणि त्याचा बारा येतो! त्याला सांगितले तर म्हणाला, “तुह्या यंत्राले भांग पाजली काय?” जानेवारीत टेकड्यांवरची शर्यत आहे. नाव द्यावे का?

एक शंका आहे. देवळापर्यंत सहा किलोमीटर असे गावातले सगळे म्हणतात. यंत्रात सहा पूर्णांक सात येते. रोज तेवढेच. असे का?

बाबांना या यंत्राचे वेडच लागले आहे. संध्याकाळी शेतातून आले की आधी आकडा वाचतात. परवा म्हणाले, “मोजणीवाल्याची साखळी बी ढिली पडते. हे चाक काही ढिलं पडत नाही.” खालच्या आळीतल्या जानरावकाकांनी आणि सोजरबाई काकूंनी मला यंत्रासाठी शाबासकी दिली, पण ती बाबांच्या माघारी. दोघे भाऊ समोरासमोर आले की एक जण रस्ता बदलतो. ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमची,
समीक्षा

•

वाशीम, २८ ऑक्टोबर २०२४

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी शंका वाचून मी खुर्चीतून उठलोच. गुडघ्याने लगेच बसवले. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला एकतीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या वेळा मिळाला.

उत्तर ऐक. गावकरी ‘सहा’ म्हणतात ते अंदाजाने, किंवा पायी जाणाऱ्या माणसाच्या सरळ वाटेने. तू सायकलवर आहेस. दगड टाळायला डावीकडे, चर टाळायला उजवीकडे, चढ सोपा व्हावा म्हणून नागमोडी. या सगळ्या डावे-उजवेची बेरीज सात-आठशे मीटर सहज होते. तुझ्या चाकाने ती इमानाने मोजली. शर्यतीला नाव जरूर दे; तेराचा वेग नवशिक्याला भूषणावह आहे.

दौलतरावांचे कौतुकही योग्यच. रस्ते मोजताना चाकाचे उपकरण खरोखर वापरतात. त्यांना सांग, आकडा नीट भरलेला असेल तर शंभर पावलांत एका पावलाचाही फरक पडत नाही.

तुझा,
गुलाबमामा

•

५ डिसेंबर २०२४

मास्तर गुलाबराव यायले दौलतरावचा रामराम.

तुमचं यंत्र लय कामाचं निघालं. आमच्या घरातला वीस वर्षांचा झगडा त्यानं एका दुपारी फोडून दाखवला.

वाटणीच्या कागदावर दोघा भावाईले रस्त्याकून दोनशे तीस-दोनशे तीस मीटर लिहेल हाय. म्या पोरीची सायकल घेतली. आमच्या दोघाईच्या मधातल्या धुऱ्यापासून, म्हंजे बांधापासून, जानरावदादाच्या पल्याडच्या नाल्यापर्यंत हातानं ढकलत नेली. यंत्रात आलं शून्य पूर्णांक पंचवीस. म्हणजे अडीचशे. तीनदा नेली, तीनदाही पंचवीस. वीस मीटर कुठून आले, आभायातून पडले काय? नाला तर सरकला नाही. मंग सरकला तो धुराच. माह्याकून सरकला.

त्या वीस मीटरात दादाच्या संत्र्याच्या झाडाईच्या तीन वळी उभ्या हायेत. माह्या जमिनीतल्या मातीवर फळं खाऊन राह्यला आन् गावात मलेच झगडाळू म्हणून राह्यला. येत्या सोमवारी झाडं कापनाऱ्या उदयसिंगचा आरा बोलावला हाय. तिन्ही वळी काढतो.

तुमी शिकलेले मानूस. एका कागदावर सही करून लिहून द्या का यंत्र बरोबर हाय. तुमीच तं पोरीले लिहिलं होतं, शंभर पावलात एका पावलाचाबी फरक नाही. ते पत्र म्या जपून ठेवलं हाय.

तुमचा,
दौलतराव

•

वाशीम, सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. समीक्षा,

आशीर्वाद आणि घाईचे पत्र. तुझ्या बाबांचे पत्र आज दुपारी साडेबाराला हाती आले. शेजारच्या माणिकरावांकडून लगेच फोन करवला. दौलतराव त्यांना म्हणाले, “मास्तरले म्हणा, लिहून पाठवा. तोंडी निकाल कोनी मानत नसते.” आरा सुरू झाला की नाही, ते माणिकरावांना कळले नाही. पाठीमागे कसल्या तरी इंजिनाचा आवाज येत होता एवढेच म्हणतात.

मी जेवलो नाही. तुझे ऑक्टोबरचे पत्र पुन्हा काढून बसलो. गावाचे सहा आणि तुझे सहा पूर्णांक सात. कागदाचे दोनशे तीस आणि बाबांचे अडीचशेच्या वर. दोनशे तीसला सहा पूर्णांक सातने गुण आणि सहाने भाग: दोनशे सत्तावन्न येतात. यंत्र दर दहा मीटरांनीच आकडा बदलते, म्हणून दोनशे सत्तावन्नही त्याला पंचवीसच दिसतात. दोन्हीकडे वाढ एकाच प्रमाणात आहे. टेकडीवर दगड आणि चर होते, म्हणून मी नागमोडीचे कारण दिले. रस्त्याकडेला तर तुझे बाबा सरळ रेषेत चालले! तिथे कसली नागमोडी?

दोन प्रश्नांची उत्तरे दे. तर्क करू नकोस, पाहून लिही.

एक: तुझ्या पुढच्या टायरच्या बाजूवर, रबरात उठावाने कोणता आकडा लिहिला आहे?

दोन: बाबांनी स्वतःच्या वाट्याची रस्त्याकडची बाजू त्याच चाकाने मोजली का?

हे पत्र माणिकरावांचा मुलगा कारंज्याला जातो आहे त्याच्या हाती देतो. हरीओम ते तुला आणून देईल.

गुलाबमामा

•

११ डिसेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

टायरवर २६ × १.९५ लिहिले आहे.

मामा, मी तुम्हाला खोटे लिहिले होते. उन्हाळ्यात तुम्ही चार पाने भरून एकोणतीसचे चाक चढाला कसे चांगले, ते समजावले होते. दुकानात तशी सायकल आवाक्याबाहेरची होती. हरीओमदादाने त्याची जुनी सव्वीसची दिली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ‘तुम्ही सांगितली तशीच घेतली’ असे लिहून टाकले. आकडा भरताना पुस्तिकेतला तक्ता समोरच होता. सव्वीसच्या ओळीत २०५० लिहिलेले मी वाचलेसुद्धा. पण तुम्ही २२८८ म्हटले होते, आणि मला वाटले, मामांचा आकडा तक्त्यापेक्षा खरा असेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, नाही. मी तेव्हाच म्हटले होते, “बाबा, आपली बाजू बी मोजा ना.” ते म्हणाले, “आपलं कायले मोजायचं? आपलं आपल्याले मालूम हाय.”

सोमवारी आरा सकाळी नऊला आला. धुऱ्यालगतची ओळ आधी घेतली. त्या ओळीत अकरा झाडे होती. पुढच्या आठवड्यात व्यापारी तोडणीला येणार होता, सगळी फळांनी वाकलेली. सोजरबाई काकू धावत आल्या. “दौलत, फळं तरी उतरवू दे रे! झाडानं काय केलं तुह्यं?” बाबांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. उदयसिंग आरा बंद करून उभा राहिला, तर बाबा त्याच्यावर ओरडले, “मजुरी मी देऊन राह्यलो का वहिनी?”

जानरावकाका पडलेल्या झाडांखालून संत्री वेचून कॅरेटमध्ये भरत होते. सातवे झाड पडले तेव्हा वाकल्या वाकल्याच म्हणाले, “मोज रे दौलत, अजून मोज. माही पाठ बी मोजून घे.”

तेव्हा कुठे मला तो तक्ता आठवला आणि मी मध्ये गेले. म्हटले, “बाबा, आकडा एकोणतीसच्या चाकाचा हाय आन् सायकल सव्वीसची हाय! यंत्र जास्त दाखवून राह्यलं.” ते थांबले. मला वाटले, समजले. मग म्हणाले, “दोन महिने हेच यंत्र तुले तेरानं पळवत होतं, तवा खरं होतं. आज काकाच्या संत्र्यावर आलं तं खोटं झालं? काय चारलं व तुले काकूनं?” सगळ्यांसमोर. काकूंनी डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला.

अकरावे झाड पडल्यावर दुपारी माणिकरावांचा फोन आला. तेव्हा बाबा उदयसिंगला म्हणाले, “रविवारलोक थांबू. मास्तरचा कागद आला का बाकीच्या दोन वळी.” ते तुमच्या सहीची वाट पाहत आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हीही काकांचे झालात, असे आजच आईला म्हणत होते.

मला एक सुचते आहे. बाबा शेतात गेले की मी गुपचूप यंत्रात २०५० भरते. मग तुम्ही त्यांना फक्त ‘पुन्हा एकदा मोजा’ एवढे लिहा. आपोआप दोनशे तीसच्या आसपास येईल आणि कोणाला काही समजावत बसायला नको. करू का?

चढावर माझा वेग तेरा नाहीच, मामा. जेमतेम साडेअकरा आहे.

तुमची,
समीक्षा

•

वाशीम, १३ डिसेंबर २०२४

चि. समीक्षा,

बटणाला हात लावू नकोस.

दोन वेळा एकाच माणसाने एकाच यंत्राने तीच जागा मोजली आणि उत्तर बदलले, तर दौलतराव म्हणतील, मध्ये कोणीतरी हात फिरवला. आणि ते खरेच असेल. त्यानंतर या घरात कोणताही आकडा उभा राहणार नाही, मोजणीवाल्याचाही नाही.

तू मला जे लिहिलेस ते तुझ्या बाबांनाही एकदा तोंडाने सांग: सायकलीबद्दल मामांशी खोटे बोलले. ‘चूक झाली’ एवढ्यावर भागवू नकोस. ते चिडतील. चिडू दे.

माझी चूक तुझ्यापेक्षा मोठी आहे. तू विचारलेस, सहाचे सहा पूर्णांक सात का? मला उत्तर इतके चांगले सुचले की टायर पाहा म्हणायचे राहून गेले. अकरा झाडे त्या उत्तरात गेली. सोबतचे पत्र बाबांना दे, आणि ते वाचत असताना तिथेच उभी राहा.

गुलाबमामा

•

वाशीम, १३ डिसेंबर २०२४

श्री. दौलतराव यांना सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझी सही मागितली होती. या पाकिटात एक कागद आहे आणि त्यावर माझी सही आहे. फक्त आकड्याची जागा मी कोरी सोडली आहे. कागदावर एवढेच लिहिले आहे: ‘समीक्षाच्या सायकलीचे पुढचे चाक दहा फेऱ्यांत ______ मीटर जाते.’ ती जागा तुम्ही भरायची आहे. तुम्ही भराल तो आकडा मला मान्य असेल. तालुक्याला न्या, भूमापन कार्यालयात न्या, मी मागे हटणार नाही.

तुम्हाला वाटेल, मास्तर जानरावांची बाजू घेऊन शब्दांत गुंडाळतो आहे. म्हणून आधी माझा कबुलीजबाब लिहून ठेवतो. समीक्षाने यंत्रात भरलेला आकडा मी सांगितला होता. मी वाशीममध्ये खुर्चीत बसून, चाक डोळ्यांनी न पाहता तो सांगितला. शंभर पावलांत एका पावलाचा फरक नाही, हेही मीच लिहिले. ते वाक्य आजही खरे आहे, पण त्यात ‘आकडा नीट भरलेला असेल तर’ असे शब्द होते, आणि तो नीट भरला आहे का, हे मी तपासले नाही. पहिली ओळ माझ्या भरवशावर तुटली. गुडघा सुटला की मी तिथे येऊन जानरावांना आणि सोजरबाईंना हे समोर सांगणार आहे. अकरा झाडे परत कशी द्यायची, ते मला माहीत नाही.

आता यंत्राबद्दल. त्याला लांबी कळत नाही, दौलतराव. त्याला फक्त फेऱ्या मोजता येतात. एका फेरीला किती जमीन सरते, हे ते आपल्या तोंडचे ऐकते आणि गुणाकार करून दाखवते. तुम्ही तीनदा मोजले आणि तीनदा तेच आले, कारण तिन्ही वेळा त्याने माझाच आकडा घेतला. म्हणून चौथ्यांदा त्याच्याकडे पाहू नका. ते तसेच काच खाली करून पिशवीत ठेवा आणि चाकालाच विचारा.

त्यासाठी असे करा. शाळेतून खेळाच्या मैदानाचा तीस मीटरचा टेप मागून आणा. चुना किंवा खडू घ्या. शेतासमोरचा सपाट, डांबरी रस्ता निवडा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा असू द्या. पुढच्या चाकाची हवा भरायची नळी बरोबर तळाला, जमिनीकडे आणा. नळीच्या खाली रस्त्यावर एक रेघ ओढा. आता सायकल हाताने सरळ ढकला. बसू नका, कारण धुऱ्यापासून मोजताना तुम्ही बसला नव्हता. नळी वर जाऊन पुन्हा तळाला आली की एक फेरी. मोठ्याने मोजा. एका फेरीवर थांबू नका, एका फेरीत बोटभर चूक झाली तर ती मोठी दिसते. दहा फेऱ्यांत तीच चूक वाटली जाते. दहावी फेरी पुरी होऊन नळी तळाला आली, की तिथे दुसरी रेघ ओढा.

दोन रेघांमधले अंतर बावीस मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरले, तर यंत्र बरोबर, तुम्ही बरोबर आणि तो आकडा माझ्या सहीवर लिहा. साडेवीसच्या आसपास भरले, तर तोही तिथेच लिहा; म्हणजे यंत्राचे अडीचशे खरे दोनशे तीसच आहेत आणि धुरा सरकलेला नाही. दोन उत्तरांमध्ये माणसाच्या उंचीहून जास्त फरक आहे, तेव्हा डोळ्यांची चूक होण्याची भीती नाही.

एकच अडचण आहे. एवढा लांब टेप एकट्याला ताणून धरता येत नाही. मधे पोट पडते आणि आकडा वाढतो. समीक्षाला धरायला लावू नका, तिच्या हातावर तुमचा विश्वास उरलेला नाही. उदयसिंग मजुरीचा माणूस आहे. जानरावांना बोलवा. टेपचे शून्याचे टोक त्यांच्या हाती द्या, त्यांना पहिल्या रेघेवर गुडघा टेकून बसू द्या. दुसरे टोक तुम्ही ताणा आणि आकडा त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचा.

तुमचा,
गुलाबराव